‘सेंद्रिय’ म्हणजे किती इंद्रियांचे?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानात तत्त्वज्ञानाचा, इतिहासाचा किंवा तीर्थक्षेत्राचा विषय अपेक्षित असतो. खताची पिशवी हा विषय त्या मानाने फारच किरकोळ वाटेल. परंतु श्रावकधर्माची कसोटी मोठ्या प्रसंगी क्वचित लागते. ती रोजच्या खरेदीत लागते. बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, औषधाची कॅप्सूल यांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय जैन कुटुंबांनी स्वतःला लावून घेतली आहे. जिलेटिन म्हणजे काय, हे आज घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र गच्चीवरील कुंड्यांसाठी आणलेली खताची पिशवी या दक्षतेतून बहुधा सुटते. तिच्यावर हिरवे पान छापलेले असते, ‘शंभर टक्के सेंद्रिय’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि तेवढ्याने मन निःशंक होते. त्या हिरव्या पानामागे काय असू शकते आणि सोलापूरच्या घरी त्याला पर्याय कोणता, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

तीन शब्द, तीन अर्थ

बाजारात ‘सेंद्रिय’, ‘जैविक’ आणि ‘नैसर्गिक’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांचे अर्थ मात्र भिन्न आहेत.

‘सेंद्रिय’ हा शब्द स-इंद्रिय असा सिद्ध होतो. जे इंद्रिययुक्त, म्हणजे सजीव शरीरापासून निर्माण झाले, ते सेंद्रिय. रसायनशास्त्रात तर याचा अर्थ आणखी दूर जातो. तेथे कर्बाच्या बहुतेक संयुगांना सेंद्रिय म्हणतात. १८२८ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख व्होलर यांनी प्रयोगशाळेत जो युरिया तयार केला, तोही शास्त्राच्या भाषेत सेंद्रिय पदार्थच होय. कारखान्यातील युरियाला शेतकरी रासायनिक खत म्हणतो आणि शास्त्र त्याला सेंद्रिय संयुग म्हणते. एकाच शब्दाचे एवढे अर्थ असताना तो शब्द पाहून निश्चिंत होणे योग्य नाही.

जैन श्रोत्याला हा शब्द कानी पडताच आणखी एक गोष्ट आठवावयास हवी. जैन दर्शनात संसारी जीवांची गणनाच इंद्रियांवरून होते. वनस्पती एकेंद्रिय, गांडूळ, शंख, अळी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, माशी, भुंगा चतुरिंद्रिय, मासा, पक्षी, गाय आणि मनुष्य पंचेंद्रिय. तेव्हा पिशवीवर ‘सेंद्रिय’ असे वाचल्यावर श्रावकाच्या मनात पहिला प्रश्न उठावा तो हा की, हे खत किती इंद्रियांच्या जीवापासून झालेले आहे? कडुनिंबाच्या बियांची पेंड एकेंद्रियापासून येते, हाडांचा चुरा पंचेंद्रियापासून येतो. बाजाराच्या लेखी दोन्ही सारखीच सेंद्रिय आहेत.

‘जैविक’ या शब्दाने मराठी कृषिसाहित्यात सामान्यतः जिवाणू खते अभिप्रेत असतात. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळविणारे जिवाणू ही त्यांची उदाहरणे. ही खते म्हणजे पोषकद्रव्ये नव्हेत. मातीतील किंवा हवेतील अन्न रोपाला मिळवून देणारे ते सूक्ष्मजीव आहेत. परंतु दुकानाच्या त्याच फळीवर ‘जैविक’ म्हणून कीटकनाशकेही ठेवलेली असतात. बिव्हेरिया, मेटारायझियम यांसारख्या बुरश्या किडीच्या शरीरात वाढून तिला मारतात. तेथे ‘जैविक’ याचा अर्थ जीवाला जपणारे असा नसून, एका जीवाकडून दुसऱ्या जीवाचा घात करविणारे असा असतो. बागकामाच्या तयार संचात खतासोबत अशी पुडीही येते, हे ध्यानात ठेवावे.

‘नैसर्गिक’ हा शब्द तर सर्वांत सैल. कातडे नैसर्गिक, रक्त नैसर्गिक आणि तुळशीचे पानही नैसर्गिक. पद्मश्री सुभाष पाळेकर यांच्या प्रचारामुळे ‘नैसर्गिक शेती’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. त्या पद्धतीतील जीवामृत हे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती आणि पाणी यांपासून शेतावरच तयार होते. ते पिशवीत विकत घेण्याची कल्पनाच त्या विचारात बसत नाही. पण शब्द लोकप्रिय झाला की तो वेष्टनावर चढतो आणि मूळ विचार मागे राहतो.

पिशवीत काय असू शकते

भारतात खतांचे नियमन जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये काढलेल्या खत (नियंत्रण) आदेश, १९८५ द्वारे होते. सेंद्रिय व जिवाणू खते या आदेशाच्या कक्षेत २००६ साली आणण्यात आली. त्यातील सेंद्रिय खताच्या व्याख्येत वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य असे दोन्ही मूळ पदार्थ स्पष्टपणे समाविष्ट आहेत. हाडांच्या चुऱ्याला, म्हणजे बोनमीलला, तर या आदेशात स्वतंत्र स्थान आहे. कच्च्या बोनमीलमध्ये एकूण स्फुरद किमान २० टक्के आणि नत्र ३ टक्के, तर वाफवलेल्या बोनमीलमध्ये स्फुरद किमान २२ टक्के असावा, असे त्याचे प्रमाण ठरवून दिलेले आहे. म्हणजे बोनमील विकणारा दुकानदार काही लपूनछपून करीत नाही. ते मान्यताप्राप्त खत आहे. प्रश्न कायदेभंगाचा नसून ग्राहकाच्या माहितीचा आहे.

हा प्रश्न साध्या बोनमीलच्या पिशवीबाबत फारसा कठीण नाही, कारण तेथे नाव समोर असते. कठीण होतो तो मिश्रणांबाबत. गुलाबासाठी, फुलझाडांसाठी, ‘सर्व कुंड्यांसाठी’ म्हणून जी तयार मिश्रणे मिळतात, त्यांत स्फुरदासाठी बोनमील घालण्याची रीत जुनी आहे. कधी त्यासोबत निंबोळी पेंड असते आणि पिशवीवर मोठे नाव निंबाचे असते. याखेरीज खालील शब्द ओळखून ठेवावेत.

ब्लडमील म्हणजे कत्तलखान्यातील रक्त वाळवून केलेली भुकटी. हॉर्नमील व हूफमील म्हणजे शिंगे आणि खुरे यांचा चुरा. फिशमील, फिश इमल्शन, फिश अमिनो हे माशांपासून होतात. फेदरमील पिसांपासून होते. कायटोसन हे बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते. अमिनो ॲसिड आणि प्रोटीन हायड्रोलायझेट हे शब्द दोन्हीकडचे आहेत. ते सोयाबीनपासूनही बनतात आणि पिसे, कातडी यांपासूनही बनतात. नुसत्या शब्दावरून उगम कळत नाही, म्हणून तेथे विचारल्यावाचून गत्यंतर नाही. ग्वानो म्हणजे समुद्रपक्षी किंवा वटवाघळे यांची विष्ठा. याउलट सीवीड म्हणजे समुद्रशेवाळाचा अर्क आणि ह्युमिक ॲसिड म्हणजे मुख्यतः खाणीतील लिग्नाइटसारख्या पदार्थापासून काढलेले द्रव्य. ही नावे परकी वाटली तरी त्यांत प्राण्याचे शरीर नाही.

परंपरेचे नाव असलेल्या द्रवखतांबाबतही हीच सावधगिरी हवी. ‘अमृतपाणी’च्या प्रचलित कृतीत शेणासोबत तूप आणि मध असतो. श्रावकाच्या मूलगुणांत मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधाचाही त्याग सांगितला आहे. जो मध जिभेला वर्ज्य, तो कुंडीत ओतावा काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या प्राचीन ग्रंथातील ‘कुणपजल’ आज पुन्हा बाजारात आले आहे. कुणप म्हणजे प्रेत. मूळ कृतीत प्राण्यांचे मांस, चरबी, मज्जा शिजवून ते करीत. आता वनस्पतींपासून केलेले कुणपजलही मिळते, पण दोहोंचे नाव एकच. गाईच्या शेणापासून केलेल्या ‘सीपीपी’ कल्चरमध्ये अंड्याच्या टरफलांचा चुरा घालतात. नाव संस्कृत असले किंवा पिशवीवर गाईचे चित्र असले, म्हणजे पदार्थ अहिंसक झाला, असे होत नाही.

चिन्हे काय सांगतात, काय सांगत नाहीत

खाद्यपदार्थाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. त्याची सवय इतकी झाली आहे की, खताच्या पिशवीवरील हिरवे पान डोळ्यांना तसेच वाटते. परंतु हिरवा ठिपका हा अन्नाच्या कायद्याचा आहे. खताच्या पिशवीवरील पान हे केवळ चित्रकाराचे काम आहे. ‘जैविक भारत’ हे २०१७ साली आलेले चिन्हही अन्नपदार्थांचेच आहे. ते खताची शुद्धता सांगत नाही.

काही पिशव्यांवर ‘सेंद्रिय शेतीसाठी प्रमाणित’ असे लिहिलेले आढळते. हे विधान खरेही असू शकते. पण त्याचा अर्थ एवढाच की, सेंद्रिय शेती करणाऱ्याने ते खत वापरल्यास त्याच्या शेतमालाचे प्रमाणपत्र जात नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या निकषांत रक्त, हाडे, पिसे, मासे यांपासून केलेली खते काही अटींसह वापरता येतात. म्हणजे प्रमाणपत्र पूर्णपणे खरे असूनही पिशवीत हाडे असू शकतात.

मग कायदा पिशवीवर काय मागतो? खताचे नाव, पोषकद्रव्यांचे प्रमाण, निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, तुकडी आणि निर्मितीचा काळ. सेंद्रिय खतात शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे विषारी धातू ठराविक मर्यादेपलीकडे असू नयेत, असाही दंडक आहे. या गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि पिशवी घेताना त्या अवश्य पाहाव्यात. ज्या पिशवीवर उत्पादकाचा पत्ता आणि पोषकद्रव्यांचे प्रमाणही नाही, ती घेऊच नये. पण हे सारे मोजमाप मातीच्या आणि पिकाच्या हिताचे आहे. पदार्थ कोणाच्या शरीरातून आला, हा प्रश्न त्यात येत नाही. तो ग्राहकानेच विचारावा लागतो.

विचारल्याने काय घडते

असे विचारून काही उपयोग होतो काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर अलीकडेच मिळाले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात ‘जैव-उत्तेजक’ म्हणजे बायोस्टिम्युलंट हा नवा वर्ग जोडण्यात आला. पिकाची वाढ आणि ताण सोसण्याची शक्ती वाढविणारी ही द्रव्ये. पुढे या वर्गात प्राणिजन्य प्रथिनांपासून केलेल्या काही उत्पादनांनाही मान्यता मिळाली. कोंबडीची पिसे, डुकराचे शरीरघटक, गोवंशाची कातडी, माशांचे खवले असे त्यांचे उगम होते आणि मूग, टोमॅटो, मिरची अशा नित्याच्या पिकांसाठी ती होती. यावर हिंदू आणि जैन समाजांतून हरकती घेण्यात आल्या. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशा ११ उत्पादनांची मान्यता मागे घेतली आणि धार्मिक व आहारविषयक मर्यादा हे त्याचे कारण दिले.

या घटनेचा अर्थ मर्यादित ठेवूनच घ्यावा. त्याने बोनमील बंद झाले नाही, माशांचे खतही बंद झाले नाही. पण कोणत्याही वादंगाशिवाय, केवळ ‘हे कशापासून केले?’ असे शांतपणे आणि सातत्याने विचारल्यास शासनालाही ते ऐकावे लागते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

श्रावकाचाराची दृष्टी

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता कामा नये. हाडांसाठी कोणी जनावर मारीत नाही; मांसासाठी वा कातड्यासाठी मारलेल्या किंवा आपोआप मेलेल्या जनावराची हाडे वाया जाण्यापेक्षा मातीत गेली, तर बिघडले कोठे? हा युक्तिवाद व्यवहाराचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. मृत शरीराने मातीत मिसळावे, हा सृष्टीचाच क्रम आहे. पण जंगलात मिसळणे वेगळे आणि बाजारातून पिशवीत येणे वेगळे. पिशवीला किंमत असते. जनावराच्या प्रत्येक अवयवाला जी किंमत मिळते, तिच्या बेरजेवर कत्तलीचा व्यवसाय उभा असतो. कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही वाटांनी कर्माचा आस्रव होतो, असे शास्त्र सांगते. खरेदीदार मारीत नाही. पण त्याच्या पैशाने त्या व्यवसायाला हातभार लागतो, हे नाकारता येत नाही.

या बाबतीत पूर्वाचार्यांनी जे सांगितले आहे, ते आश्चर्य वाटावे इतके नेमके आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ येते. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्र यांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा अर्थ केवळ हस्तिदंतापुरता ठेवला नाही, केस, नखे, हाडे, त्वचा अशा त्रस जीवांच्या अंगांचा व्यापार त्यांनी त्यात घेतला. दिगंबर परंपरेतील श्रावकाचारांतही अशा क्रूर व्यवसायांचा निषेध आहे. हे श्रावकाचार एकत्रित वाचण्याची सोय तर याच सोलापूरने करून दिली. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाने चालणाऱ्या ग्रंथमालेने ‘श्रावकाचार संग्रह’ प्रकाशित केला. ज्या गावातून हे ग्रंथ देशभर गेले, त्या गावच्या बागांत त्यांचा विसर पडू नये.

ग्राहक आणि व्यापारी यांची जबाबदारी मात्र सारखी नाही. घरातील चार कुंड्यांसाठी अजाणता आणलेली पिशवी आणि गोदामात साठवून विकलेली शेकडो पोती, यांत अंतर आहे. ज्या जैन व्यापाऱ्याचे कृषी सेवा केंद्र आहे, त्याच्यापुढे हा प्रश्न अधिक थेट उभा राहतो. त्याच्या मालाची मागणी शेतकऱ्याकडून येते, स्पर्धाही असते; त्याची अडचण खरी आहे. तरीही बोनमील आणि तत्सम वस्तू न ठेवता, त्यांच्या जागी पेंड आणि इतर पर्याय ठेवणे त्याच्या हाती आहे. अशा दुकानाला समाजाने आपली खरेदी देणे, हे समाजाच्या हाती आहे.

यावर कोणी दुसरे टोक गाठू नये. बागेत माती उकरली की सूक्ष्म जीवांची विराधना होतेच. गृहस्थाला आरंभी हिंसा संपूर्ण टाळता येत नाही, म्हणूनच त्याचे व्रत अणुव्रत आहे. संकल्पी हिंसा टाळणे आणि आरंभी हिंसा यत्नाचाराने कमी करणे, एवढी अपेक्षा त्याच्याकडून आहे. हाडांची पिशवी या दोन्ही कसोट्यांवर सहज टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. तिच्यावाचून काहीच अडत नाही आणि सोलापुरात तर मुळीच अडत नाही. ते कसे, हे मातीकडे पाहिल्यावर कळते.

सोलापूरची माती आणि हाडांचे खत

बोनमील घालतात ते स्फुरदासाठी. हाडातील स्फुरद हा चुन्याशी बांधलेला असतो आणि तो पाण्यात सहज विरघळत नाही. माती आम्लधर्मी असेल, तर त्या आम्लाने तो हळूहळू सुटतो. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या, आम्लधर्मी मातीत त्याचा काही उपयोग होतो. सोलापूरची स्थिती याच्या अगदी उलट आहे. येथील काळी माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. तिचा सामू सातच्या वर, अनेकदा आठच्या आसपास असतो. त्यावर बोअरचे क्षारयुक्त पाणी पडते. अशा मातीत हाडातील स्फुरद जागच्या जागी पडून राहतो. मुळात चुना अधिक असलेल्या मातीत आणखी चुन्याचा पदार्थ घातल्यासारखे होते. अंड्याची टरफले आणि लाकडाची राख यांनाही हेच लागू आहे. त्या सल्ल्यांचा जन्म आम्लधर्मी मातीच्या प्रदेशात झाला.

म्हणजे सोलापूरच्या गृहिणीने बोनमील टाळले, तर तिच्या गुलाबाचे काहीच नुकसान होत नाही. उलट पैसे वाचतात. येथे धर्म आणि मृदाशास्त्र एकाच निर्णयाला येऊन पोचतात.

आणखी एक विसंगती या ओघात पाहावी. १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले, तेव्हा आरंभी हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करीत. पुढे हाडांची जागा खनिज फॉस्फेटने घेतली. आजचे सुपरफॉस्फेट दगडापासून होते. म्हणजे ‘रासायनिक’ पिशवीत प्राण्याचा अंश नाही आणि ‘सेंद्रिय’ पिशवीत तो असू शकतो. यावरून रासायनिक खत श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच्या अतिरेकाने माती निर्जीव होते, विहिरींचे पाणी दूषित होते आणि त्यातही असंख्य जीवांचा घात आहे. सांगावयाचे एवढेच की, पिशवीवरील विशेषण पाहून हिंसा-अहिंसेचा निवाडा करता येत नाही.

घरच्या बागेसाठी पर्याय

नत्रासाठी पेंडी उत्तम. निंबोळी, एरंड, करंज, सरकी, भुईमूग यांच्या पेंडी वनस्पतिजन्य आहेत. निंबोळी पेंडेमुळे मातीतील किडी दूर राहतात आणि काही मरतातही, हे जाणून ती कुंडी भरतानाच, माती निवडून पाहिल्यावर मिसळावी. किडी दिसत असताना त्यांच्यावर टाकू नये. बारा इंची कुंडीला मूठभर पेंड दोन महिन्यांतून एकदा पुरते. पेंड ओली ठेवून कुजवू नये. दुर्गंधी येते आणि अळ्या पडतात.

स्फुरदासाठी चांगले कुजलेले शेणखत आणि त्यासोबत स्फुरद विरघळविणारे जिवाणू वापरावेत. आपल्या मातीत स्फुरद नसतो असे नाही. तो बांधलेला असतो आणि सेंद्रिय पदार्थ वाढल्यावर काही अंशी मोकळा होतो. ‘प्रॉम’ या नावाने मिळणारे स्फुरदयुक्त सेंद्रिय खत हे खनिज फॉस्फेट आणि कुजलेले सेंद्रिय द्रव्य यांपासून तयार होते. त्यात हाडे लागत नाहीत. मात्र त्यातील सेंद्रिय द्रव्य कशाचे, हे विचारून घ्यावे.

सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाचा रस गाळल्यावर उरणारे प्रेसमड कुजवून केलेले खत येथे सहज मिळते आणि ते मुळात वनस्पतिजन्य आहे. शहराच्या ओल्या कचऱ्यापासून केलेल्या सिटी कंपोस्टचे मोल पर्यावरणासाठी मोठे आहे. परंतु त्या कचऱ्यात सर्व प्रकारच्या स्वयंपाकघरांतील अन्न असते, हे ध्यानात घेऊन निर्णय करावा.

सर्वांत निर्दोष खत मात्र दारातच पडलेले असते. कडुनिंब, बदाम, पिंपळ यांची गळलेली पाने. ती जाळण्याची वाईट रीत अनेक सोसायट्यांत आहे. जाळल्याने अग्निकाय जीवांची हिंसा, पानांत दडलेल्या कीटकांचा घात आणि शेजाऱ्याला धूर, असे तिहेरी नुकसान होते. ती पाने छिद्रे पाडलेल्या पिंपात, थोडे शेण आणि ओलावा देऊन, झाकून ठेवली तर काही महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत होते. शिजलेले अन्न त्यात टाकले नाही, तर अळ्या फारशा होत नाहीत.

गांडूळखताविषयी नेहमी विचारले जाते. गांडूळ द्वींद्रिय जीव आहे. त्याची विष्ठा म्हणजे खत. त्यासाठी त्याला मारावे लागत नाही. पण मोठ्या प्रमाणावर खत चाळताना, वाळविताना आणि पोत्यात भरताना गांडुळे व त्यांची अंडी मरतात. सोलापूरच्या चाळीस अंशांवरील उन्हाळ्यात सावली आणि ओलावा नसेल, तर वाफ्यातील गांडुळेही टिकत नाहीत. जे घरी गांडूळखत करतात, त्यांनी वाफा सावलीत ठेवावा आणि खत काढण्यापूर्वी पाणी थांबवून वरचा थर उजेडात मोकळा ठेवावा. गांडुळे स्वतःहून खाली जातात, मग वरचे खत हाताने उचलावे. ज्यांना एवढा आरंभ नको, त्यांनी पानांचे खत करावे. कुंड्या बदलणे, माती उकरणे ही कामे चातुर्मासापूर्वी किंवा त्यानंतर करावीत. पावसाळ्यात मातीत जीवोत्पत्ती अधिक असते.

विचारावयाचे चार प्रश्न

दुकानात पिशवी हाती घेतल्यावर चार गोष्टी विचाराव्यात. हे खत कोणकोणत्या पदार्थांपासून केले आहे? त्यातील स्फुरदाचा उगम काय: हाड, खनिज की शेण? अमिनो ॲसिड किंवा प्रथिन असेल, तर ते वनस्पतीचे की प्राण्याचे? आणि यात मध, अंडे, मासे यांचा अंश आहे काय? दुकानदाराला ठाऊक नसेल, तर पिशवीवरील ग्राहक सेवा क्रमांकावर विचारावे आणि उत्तर शक्यतो लेखी मागावे. उत्तर मिळाले नाही, तर पिशवी परत ठेवावी. वादाची गरज नाही.

एका घराने विचारलेला प्रश्न कंपनीला लहान वाटतो. पन्नास वर्षे चाललेल्या संस्थेने विचारला, तर तो लहान राहत नाही. मंदिरे, धर्मशाळा, वसतिगृहे, शाळा यांच्या आवारांत बागा आहेत. जेथे पूजेत फुले वाहिली जातात, तेथे ती फुले कोणत्या खतावर फुलली, हे विचारणे हा पूजेच्याच शुद्धीचा भाग आहे. बागेचे काम बहुधा माळ्यावर किंवा ठेकेदारावर सोपविलेले असते. तो आपल्या सवयीचे खत आणतो, त्यात त्याचा दोष नाही. विश्वस्तांनी खरेदीच्या पत्रात ‘प्राणिजन्य घटक नसलेले खत’ एवढे चार शब्द घातले, तरी पुष्कळ काम होईल. त्यापुढे जाऊन, विचारपूस करून खात्री झालेल्या खतांची यादी दरवर्षी पर्युषणापूर्वी सूचनाफलकावर लावता येईल. ती यादी सर्व समाजाच्या उपयोगी पडेल.

पाणी गाळून प्यावे, हा जैन घराचा सर्वांत जुना संस्कार. नळाचे पाणी स्वच्छ दिसत असले, तरी श्राविका त्यावर गाळणे धरते, कारण डोळ्यांना दिसत नाही म्हणून जीव नाही, असे ती मानत नाही. बाजारातून येणाऱ्या शब्दांनाही तेच गाळणे लावावयाचे आहे. ‘सेंद्रिय’ हा शब्द त्यातून गाळून घेतला की, हाडे, रक्त, पिसे वर राहतील आणि पाने, पेंड, शेण एवढेच खाली उतरेल. तेवढ्यावर सोलापूरची कोणतीही बाग उत्तम फुलते.

जय जिनेंद्र.